केळवणाचे दिवस, फुगलेलें पोट आणि व्यायामाची मात्रा

गेल्या अंकांतील निद्राविषयक लेखावर आलेल्या पत्रांचा परामर्श या खेपेस घ्यावा, असा आमचा विचार होता; परंतु मध्यंतरीं एका वाचकभगिनींचें पत्र आलें आणि त्यांतील प्रश्न मुहूर्ताशीं बांधलेला असल्यामुळें त्यास अग्रस्थान देणें प्राप्त झालें. निद्रेची चर्चा महिनाभर थांबूं शकते. मुहूर्त थांबत नाहीं.

पत्राचा आशय असा: या भगिनी चौदा माणसांच्या एकत्र कुटुंबांतील मधल्या सूनबाई. थोरल्या दिरांच्या मुलीचें लग्न पुढील महिन्याच्या अखेरीस आहे. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, बांध्यानें सडपातळ. लग्न ठरल्या दिवसापासून तिनें व्यायामाचा ध्यास घेतला आहे. पहाटे उठून शंभर 'क्रंचेस', म्हणजे उताणें निजून डोकें व खांदे उचलून पोटावर जोर देण्याचा प्रकार. संध्याकाळीं कचेरींतून परततांना जिममध्यें पाऊण तास पट्ट्यावर धांवणें. मधून मधून घटाघटा बाटलीभर पाणी. आणि घरीं आल्यावर वाडगाभर मोड आलेली कच्ची मटकी व कोबी. इतकें करूनही सकाळीं सपाट असलेलें पोट रात्रीं नगाऱ्यासारखें ताणलेलें. पैठणीवरचें पोलकें सकाळीं बसतें आणि संध्याकाळीं त्याचे हूक लागत नाहींत. त्यांत केळवणें सुरू झालीं आहेत. आजी म्हणतात, व्यायाम अजिबात बंद कर. धाकटा भाऊ म्हणतो, दुप्पट कर. मुलगी दोघांचेंही न ऐकतां आतां रात्रींचें जेवण सोडूं लागली आहे, आणि परवां कचेरींत तिला घेरी आली.

हें शेवटचें वाक्य वाचून आम्हीं निद्रेचे कागद बाजूस ठेवले.

आरंभींच सांगून टाकतों कीं, आम्ही वैद्य नव्हे. मुलांस संस्कृत शिकविण्यांत आमचा जन्म गेला. वैद्यकांतील आमचा अधिकार वाचनापुरता आणि दोघां डॉक्टर स्नेह्यांशीं होणाऱ्या वादविवादापुरता आहे. तेवढ्या अधिकारानें आमचें उत्तर असें कीं, आजींचें म्हणणें निम्में खरें आहे, भावाचें जवळजवळ सर्वच चुकीचें आहे, आणि मुलीनें जेवण सोडणें हें तिन्हींत अधिक वाईट आहे. व्यायाम बंद करूं नये, वाढवूंही नये; तो बदलावा. कसा बदलावा व कां बदलावा, याचा थोडा विस्तार करतों.

प्रथम एक विवेक केला पाहिजे. पोटावरचा मेद निराळा आणि पोटांतील आध्मान निराळें. आपल्या जुन्या वैद्यांनीं या दोहोंस दोन नांवें दिलीं, दोन प्रकरणांत त्यांचा विचार केला आणि उपचारही वेगळे सांगितले; आजकाल मात्र 'पोट सुटलें' या एका शब्दांत दोन्ही कोंबण्याची चाल पडली आहे. परीक्षा सोपी आहे. सकाळीं शौचानंतर, कांहीं न खातां, बेंबीच्या पातळीवर शिंप्याची फीत लावून माप घ्यावें. रात्रीं जेवणानंतर तासाभरानें पुन्हां घ्यावें. चार दिवस हीं मापें कॅलेंडरावर लिहून ठेवावीं. मेद हा संध्याकाळीं येऊन पहांटे निघून जाणारा पाहुणा नव्हे. ज्याचें माप रात्रीं दोन-दोन इंच वाढतें आणि उजाडतां मूळपदावर येतें, त्याला मेदाची नव्हे, फुगाऱ्याची पीडा आहे. आमच्या भगिनींनीं केलेल्या वर्णनावरून त्यांच्या पुतणीची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची दिसते. तिनें चालविलेला व्यायाम मात्र सर्वस्वीं पहिल्यासाठीं आहे.

आणि पहिल्यासाठीं तरी तो उपयोगी आहे काय? पोटाचे स्नायु हालविले म्हणजे पोटाचीच चरबी जळते, ही समजूत फार दृढ आहे. परंतु शरीर चरबीचा हिशेब अवयववार ठेवीत नाहीं. अमेरिकेंतील संशोधकांनीं कांहीं स्त्रीपुरुषांकडून सहा आठवडे नित्य पोटाचे व्यायाम करविले व त्याचा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध केला. पोटाच्या स्नायूंची चिकाटी वाढली; पोटावरचा मेद होता तसाच राहिला. म्हणजे ज्या कामासाठीं क्रंचेस करावयाचे, तें काम त्यांनीं होत नाहीं. फुगाऱ्यावर तर त्यांचा परिणाम बहुधा उलटच होतो. जोर करतांना माणूस श्वास कोंडतो, तोंडानें हवा गिळतो, पोटाची भिंत आंवळून धरतो; आणि आंतील वायूस जावयास जी मोकळीक हवी, तीच नाहींशी होते.

हा वायु येतो कोठून, तेंही पाहूं. कांहीं भाग गिळलेल्या हवेचा. घाईघाईनें जेवतांना, बोलत जेवतांना, नळीनें पेय ओढतांना, च्युइंगम चघळतांना आणि धांपा टाकीत बाटलीला तोंड लावून पाणी पितांना आपण पुष्कळ हवा पोटांत घेतों. दुसरा भाग सोडावॉटरसारख्या पेयांतून येतो. तिसरा, आणि बहुतेकांचा मुख्य, भाग मोठ्या आंतड्यांत तयार होतो. लहान आंतड्यांत न पचलेली शर्करा तेथें पोंचली म्हणजे तेथील जंतु ती आंबवितात व त्यांतून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि कोणाकोणांत मिथेन असे वायु उत्पन्न होतात. मटकी, वाल, पावटा, चणे, राजमा यांत अशा शर्करा विपुल आहेत. कांदा, लसूण आणि गहूं यांतही आहेत. निरोगी माणसाचा अधोवात दिवसांतून दहा ते वीस वेळां सरतो, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. लाज वाटून तो दाबून धरणें हें मात्र अपायकारक. वाग्भटाचार्यांनीं अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत रोग होऊंच नयेत म्हणून जो अध्याय लिहिला, त्यांत न रोधावयाच्या वेगांच्या यादींत पहिला मान या अधोवातासच दिला आहे. केळवणाला चार घरच्या दिवाणखान्यांत तीन-तीन तास ताठ बसलेल्या मुलींस हें कोण सांगणार? यजमानीणबाईंनींच जेवणानंतर मुलीला "जरा गच्चीवर मोकळ्या हवेंत जाऊन ये" म्हणून सुचवावें. तेवढ्यानें तिच्यावर उपकार होतील.

परंतु केवळ वायु अधिक झाला म्हणूनच पोट फुगतें असेंही नाहीं, आणि ही गोष्ट आम्हांस वाचतांना मोठी नवलाची वाटली. स्पेनमधील बार्सिलोना शहरांत फर्नांडो अस्पिरोझ व त्यांचे सहकारी गेलीं कित्येक वर्षें याच विषयाचा पिच्छा पुरवीत आहेत. फुगाऱ्याची तक्रार असलेल्या रोग्यांचीं, पोट सपाट असतांना आणि फुगलेलें असतांना, अशीं दोन्ही वेळचीं चित्रें यंत्रानें घेऊन त्यांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं, पुष्कळांच्या पोटांत वायूचें प्रमाण फारसें वाढलेलें नसतें. वाढ होते ती निराळ्या कारणानें: छाती व पोट यांच्यामध्यें जो श्वासपटल नांवाचा स्नायु आहे, तो खालीं उतरतो आणि त्याच वेळीं पोटाची पुढची भिंत ढिली पडते. जागा वरून दाबली गेली म्हणजे आंतील सामान पुढें ढकललें जाणारच. ज्यांचें आंतडें हळवें असतें त्यांस थोड्या वायूनेंही अस्वस्थता वाटते आणि त्या अस्वस्थतेस उत्तर म्हणून शरीर हा उलटा खेळ आपोआप खेळतें. नवऱ्या मुलीच्या मनावरचा ताण हा हळवेपणा वाढवितो, हें निराळें सांगावयास नकोच. आंतड्यांचें आणि मेंदूचें दळणवळण फार जवळचें आहे.

आतां पट्ट्यावरच्या धांवण्याकडे वळूं. धांवणें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास संवय आहे त्यानें खुशाल धांवावें. परंतु अंगांत संवय नसतां, दिवसभराच्या कामानंतर, जोरानें धांवूं लागलें म्हणजे रक्ताचा ओघ पायांच्या स्नायूंकडे वळतो आणि आंतड्यांकडे जाणारें रक्त पुष्कळ कमी होतें. पचन मंदावतें, कोणाला मळमळतें, कोणाच्या पोटांत कळ येते. शिवाय नव्या कष्टांनीं स्नायूंस जी सूक्ष्म इजा होते तिच्या दुरुस्तीसाठीं त्यांत पाणी साठतें. अंग जड व किंचित् सुजल्यासारखें होतें. ही ठणक एक ते तीन दिवसांत शिगेस पोंचते. लग्नाच्या आदल्या चार दिवसांत 'शेवटचा जोर' करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. मुहूर्ताच्या दिवशीं त्यांच्या पदरांत सपाट पोट पडत नाहीं, दुखऱ्या मांड्या पडतात, आणि सप्तपदी लंगडत करावी लागते.

व्यायामाचें प्रमाण किती असावें, याचें उत्तर सुश्रुताचार्यांनीं देऊन ठेवलें आहे, तें कोणत्याही जिमच्या भिंतीवर लिहिण्याजोगें आहे. अंगच्या बळाच्या अर्धा व्यायाम करावा. आणि अर्धें बळ संपलें हें ओळखावें कसें? श्वास नाकानें पुरेनासा होऊन तोंडावाटे येऊं लागला कीं थांबावें. वाग्भटांनीं त्यांत आणखी दोन बारकावे घातले. हें अर्धबळ बलवान् व स्निग्ध अन्न खाणाऱ्यांस आणि तेंही थंडींत व वसंतांत. इतर ऋतूंत त्याहून मंद. आणि ज्यास अजीर्ण आहे त्यानें व्यायाम करूंच नये. आजींचें म्हणणें निम्में खरें असें वर म्हटलें तें यासाठीं. आजचे शिक्षक याच खुणेला 'बोलतां येईल इतक्या दमानें' असें म्हणतात. भाषा बदलली, गोष्ट तीच. लग्नें आपल्याकडे पुष्कळदां उन्हाळ्यांत होतात, म्हणजे वाग्भटांच्या हिशेबानें मंद व्यायामाच्या ऋतूंतच. घामाच्या धारा निघाल्या म्हणजे पुण्य लागलें, असें मानणाऱ्या तरुण मंडळींस आमचें हें म्हणणें रुचणार नाहीं, याची आम्हांस कल्पना आहे.

तेव्हां मुलीनें करावें काय? सकाळचा कार्यक्रम असा ठेवावा. उठल्यावर पेलाभर कोमट पाणी बसून, घोट घोट प्यावें. शौचास निवांत वेळ द्यावा. एकच न्हाणीघर असलेल्या मोठ्या घरांत हें अवघड असतें, हें आम्ही जाणतों, पण नवऱ्या मुलीला महिनाभर पहिला नंबर देण्यास कोणाची हरकत नसावी. बद्धकोष्ठ असतां दुसरे सर्व उपाय व्यर्थ जातात. नंतर अर्धा तास मोकळ्या रस्त्यानें चालणें, हात हालवीत, भरभर, परंतु बरोबरच्या माणसाशीं बोलतां येईल अशा बेतानें. परतल्यावर सूर्यनमस्कार सहा किंवा आठ. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ज्याचा घरोघरीं प्रसार केला तो हा व्यायाम, वांकणें व ताणणें यांच्या आलटून पालटून येण्यामुळें, या कामीं फार सोयीचा आहे. मात्र पंतप्रतिनिधींच्या संख्येशीं स्पर्धा करूं नये, अर्धबळाची खूण पाळावी.

त्यानंतर सतरंजीवर दहा मिनिटें. प्रथम मार्जरासन: हात व गुडघे टेंकून, श्वास सोडतांना पाठ मांजरासारखी वर उचलावी व घेतांना सावकाश खालीं सोडावी, असें आठ-दहा वेळां. मग पवनमुक्तासन. उताणें निजावें, उजवा गुडघा दोहों हातांनीं धरून पोटाकडे आणावा, पांच सावकाश श्वास होईपर्यंत तेथेंच ठेवावा, नंतर डावा, शेवटीं दोन्ही. उजवा आधीं कां, असें विचाराल तर मोठें आंतडें उजवीकडून चढतें व डावीकडून उतरतें, म्हणून योगशिक्षक तसा क्रम लावतात; आंतड्याचा मार्ग खरोखर तसाच आहे, पण क्रम चुकला म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. नंतर गुडघे दुमडलेले ठेवून ते दोन्ही एका बाजूस व मान दुसऱ्या बाजूस, असा पोटाचा पीळ दोन्हीकडे मिनिट मिनिट द्यावा. ढेंकर आला, वात सरला, तर दार लावून घ्यावें व आनंद मानावा. हें सर्व रिकाम्या पोटीं. जेवणानंतर दोन-तीन तासांच्या आंत यांतील कांहींही करूं नये.

उड्डियान व नौली यांविषयीं एका गृहस्थांनीं मागें विचारलें होतें, त्यांसही येथेंच उत्तर देतों. स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें आणि या क्रियांची क्ष-किरणांनीं व दाबमापकांनीं तपासणी करविली. नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो, हें त्यांनीं मापून दाखविलें. विद्या थोर आहे. परंतु ती गुरूपाशीं बसून महिन्यांनीं यावयाची. रक्तदाब वाढलेल्यांनीं, पोटांत व्रण असलेल्यांनीं व गर्भवतींनीं तिच्या वाटेस जाऊं नये. लग्न तीन आठवड्यांवर आलें असतां फोनवरची चित्रफीत पाहून ती आरंभणें आम्हांस मान्य नाहीं.

केळवणाच्या दिवसाचा खरा व्यायाम जेवणानंतरचा. सुश्रुतांनीं सांगितलेला क्रम पहा: जेवल्यावर कांहीं वेळ राजासारखें स्वस्थ बसावें, मग शंभर पावलें चालावें आणि नंतर डाव्या कुशीवर विसांवा घ्यावा. आपण यांतील डावी कूस लक्षांत ठेवली आणि पावलें सोडून दिलीं. बार्सिलोनाच्या त्याच मंडळींनीं २००३ सालीं असें दाखविलें कीं, उताण्या माणसाच्या आंतड्यांतून वायु जितका लवकर पुढें सरकतो त्याहून उभ्या माणसाच्या आंतड्यांतून अधिक लवकर सरकतो. आणि २००६ सालीं फुगाऱ्याच्या रोग्यांच्या आंतड्यांत मोजून वायु सोडून असें दाखविलें कीं, स्वस्थ पडून राहण्यापेक्षां हलक्या हालचालीनें तो अधिक बाहेर पडतो व पीडाही कमी होते. यंत्रें नवीं, पण शतपावलीची साक्ष जुन्यासारखीच निघाली. शंभर पावलें हा अगदीं किमान आंकडा समजावा. दहा ते पंधरा मिनिटें रमतगमत चालावें. भरभर नको. केळवणाचें घर जवळ असेल तर परत येतांना मुलीला गाडींत न बसवितां तिच्या बरोबर एका चुलतभावानें वा आत्यानें पायीं यावें. भावाला दुप्पट व्यायामाची हौस आहेच. त्यानें ही सोबत पत्करावी.

यजमानांसही दोन शब्द. श्रीखंडाची तिसरी वाटी पानांत लोटणें हा आदर नव्हे. एका पंधरवड्यांत दहा घरीं जेवणारी मुलगी प्रत्येक घरीं 'आमचा मान' म्हणून दोन पुऱ्या अधिक खाते, आणि मग अपराध्यासारखी रात्रीं उपाशी राहते. दोन दिवस उपास आणि तिसऱ्या दिवशीं मेजवानी, या हेलकाव्यानें आंतड्यांची लय बिघडते. शिवाय नेहमींच्या अन्नास पारखें झालेल्या अंगास पट्ट्यावर धांवडविलें तर घेरी येईल नाहीं तर काय होईल? त्या मुलीनें रात्रीं मऊ भात, मुगाचें पातळ वरण, साजूक तूप व शिजलेली दुधी किंवा पडवळाची भाजी, असें थोडें पण नेमानें जेवावें. घेरी पुन्हां आली तर व्यायाम त्या दिवसापासून थांबवून डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावें; आपल्या देशांत तरुण मुलींमध्यें रक्तक्षय फार आहे आणि तो कृश दिसणाऱ्या मुलींतच असतो असें नाहीं.

आहाराचा विचार स्वतंत्र लेखाचा आहे, म्हणून येथें चारच गोष्टी घाईनें सांगतों. कच्ची मटकी लग्न होईतों बंद. हवी तर शिजवून, हिंग घालून, दुपारच्या जेवणांत मूठभर. फोडणींतील हिंग व जेवणानंतरचा चिमूटभर ओवा यांनीं अपाय नाहीं आणि पुष्कळांस बरें वाटतें. दुधानें ज्यांचें पोट फुगतें त्यांनीं जिममधील प्रथिनांच्या भुकट्याही जपून घ्याव्या, कारण त्यांतील बऱ्याच दुधापासूनच केलेल्या असतात. पापड, लोणचें, फरसाण यांच्या मिठानें अंगांत पाणी राहतें. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पांच ग्रॅमहून कमी मीठ खावें म्हणते, तें सपाट चहाच्या चमच्याएवढें भरतें आणि केळवणाच्या एका पानांतच संपून जातें. इसबगोल किंवा सोनामुखीचें चूर्ण पूर्वीं घेत नसल्यास आतां एकाएकीं सुरू करूं नये. पहिल्यानें प्रथम वायु वाढतो, दुसऱ्यानें मुरडा येतो.

श्वासाचा एक लहानसा पाठ आहे, तो वर सांगितलेल्या श्वासपटलासाठीं. बार्सिलोनाच्या वैद्यांनीं फुगाऱ्याच्या रोग्यांस त्यांच्याच स्नायूंच्या हालचाली पडद्यावर दाखवून त्या सुधारावयास शिकविलें आणि २०१५ सालीं त्याचा गुण आल्याचें प्रसिद्ध केलें. घरीं पडदा नको. खुर्चींत पाठ टेंकून बसावें, एक हात बरगड्यांवर, दुसरा बेंबीखालीं. खांदे सैल सोडावे. श्वास शांतपणें घ्यावा. सोडतांना मात्र घेण्याच्या दुप्पट वेळ लावावा, आणि सोडतां सोडतां बरगड्या खालीं व बेंबीखालचा भाग हलकेच आंत जाऊं द्यावा. जोर नको, कोंडणें नको. जेवणाआधीं व जेवणानंतर पांच पांच मिनिटें. कचेरींत, मेंदीला बसलेली असतां, किंवा सासरच्या मंडळींसमोर बसूनही हें करतां येतें आणि कोणास कळतही नाहीं.

येथवर तरुण मुलीची गोष्ट झाली. परंतु लग्नघरांत पोट केवळ तिचेंच फुगत नाहीं, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत मुलाच्या लग्नाच्या धांदलींत त्याच्या आईचें पोट रोज फुगूं लागलें. वय पंचावन्नच्या आसपास. दोन घांस खाल्ले कीं पोट भरल्यासारखें वाटे. घरांतील अकरा माणसांनीं अकरा कारणें सांगितलीं: केळवणें, जागरणें, वय, वायु. त्यांनीं ओवा खाल्ला, सुनेबरोबर आसनें केलीं, साड्या सैल नेसल्या आणि कार्य पार पाडलें. सत्यनारायण, मांडवपरतणें, मुलाची पाठवणी, सर्व उरकून दोन महिन्यांनीं डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हां बीजकोशांत गांठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, औषधें झालीं; बाई आज हिंडत्याफिरत्या आहेत, हें ईश्वराचें देणें. पण "हें किती दिवसांपासून आहे?" या डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्या अकरा जणांत एकालाही देतां आलें नव्हतें. ब्रिटनमध्यें २०११ सालीं डॉक्टरांसाठीं जे नियम घालून दिले, त्यांत स्त्रीचें, विशेषतः पन्नाशीपुढील स्त्रीचें, पोट सतत किंवा महिन्यांतून बारांहून अधिक वेळां फुगत असेल, लवकर पोट भरत असेल, ओटीपोट दुखत असेल वा लघवीची घाई होत असेल, तर या गांठीची शंका घेऊन रक्ताची तपासणी करावी असें सांगितलें आहे. वजन आपोआप घटणें, शौचांतून रक्त जाणें, रात्रीं झोपेंतून उठविणारी वेदना, उलट्या, सकाळींही न उतरणारा फुगारा, यांपैकीं कांहीं असेल तर वय कोणतेंही असो, आसनें बाजूस ठेवून प्रथम डॉक्टरांस दाखवावें. वर सांगितलेलीं सकाळसंध्याकाळचीं मापें तेव्हां फार उपयोगी पडतात. लग्नाचा खर्च ज्या वहींत लिहितां, तिच्याच शेवटच्या पानावर आईचीही तीं मापें असूं द्या.

आतां शेवटचा आठवडा. सात दिवस आधीं सूर्यनमस्कार निम्मे करावे. चार दिवस आधीं ते बंद. चालणें, मार्जरासन, पवनमुक्तासन व श्वास एवढेंच ठेवावें. या आठवड्यांत नवा व्यायाम नाहीं, नवें चूर्ण नाहीं, नवें खाणें नाहीं. स्त्रीधर्माच्या आधींच्या दिवसांत बहुतेक स्त्रियांचें पोट थोडें फुगतेंच, तें शरीराचें नैसर्गिक चलन आहे. मुहूर्त नेमका त्या दिवसांत आला तर व्यायामानें त्याच्याशीं झगडूं नये, चालणें मात्र सोडूं नये. पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊं नयेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें, वेळेवर घ्यावयाच्या असतात, आणि त्यांतील कांहींनीं पोट अधिकच फुगतें.

सीमंतपूजन, मेंदी, ग्रहमख, या प्रत्येकांत मुलीला तास-दीड तास मांडी घालून बसावें लागतें. तासाभरानें तिला पाणी आणण्याच्या निमित्तानें उठवून घरभर एक फेरी घालावयास लावण्याचें काम एखाद्या मावशीवर सोंपवावें. मुहूर्ताच्या दिवशीं सकाळीं दहा मिनिटें चालणें आणि दोन-चार वेळां पवनमुक्तासन पुरे. उपाशी उभें राहूं नये, धर्मकृत्याच्या नियमांत बसेल तें दूध, केळें, भाताची पेज असें आपल्या पोटास मानवणारें कांहीं घ्यावें. पोट आंवळणारे जे नवे पट्टे मिळतात ते जेवणाच्या वेळीं तरी काढून ठेवावे, कारण वरून आंवळलेल्या पोटांतील आम्ल घशाशीं येतें.

आणि पैठणीचें पोलकें सकाळीं बसतें व संध्याकाळीं बसत नाहीं, तर शिंप्याकडे माप द्यावयास संध्याकाळीं, जेवण झाल्यावर जावें, आणि दोहों बाजूंच्या शिवणींत दोन दोन बोटें माया ठेवावयास सांगावें.